तिघांचं मिळून वजन

पाळणा ओरडला तेव्हा मी त्यात नुकता दुसरा पाय ठेवला होता. मास्तर आणि पंखा आधीच आत उभे होते, बादल्या भरलेल्या होत्या, आणि तेरा वर्षांत चकार शब्द न काढलेला तो लोखंडी पाळणा एकदम टिटवीसारखा किंचाळायला लागला. मी पाय बाहेर काढला. गप्प. परत ठेवला. परत किंचाळला.

"थोरले," पंखा म्हणाला, "कुणाच्या तरी शेपटीवर पाय देताय तुम्ही."

आमचं काम म्हणजे बावीस मजली इमारतीच्या काचा बाहेरून पुसायच्या. गच्चीवरून दोन पोलादी दोरांवर हा पाळणा खाली सुटतो. एकाने काच साबणाच्या पाण्याने भिजवायची, दुसऱ्याने रबराच्या पट्टीने पाणी ओढायचं, तिसऱ्याने कडा कोरड्या करायच्या. भिजवणारा पंखा. बोलताना त्याचे दोन्ही हात गरागरा फिरतात, म्हणून पंखा. कडा मास्तरांच्या. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते, पण समोरचा काहीही बोलला की ते दुरुस्त करतात. पाणी ओढणारा मी. वयाने मोठा म्हणून थोरले, आणि अंगाने तर होतोच.

"शेपूटबिपूट काही नाही," सुरक्षेच्या मॅडम म्हणाल्या. तिशीच्या असतील. हातात कायम फळी आणि फळीला चिमट्याने लावलेला कागद. "कालच नवीन यंत्र बसवलंय. तीनशे किलोच्या वर गेलं की वाजणार. बघा, तीनशे सात."

आम्ही तिघांनी वाकून तो लाल आकडा बघितला. वाकल्याने काही कमी झाला नाही.

मॅडमनी मग तिघांना एकेक करून वजनकाट्यावर उभं केलं. पंखा सत्त्याहत्तर, मास्तर शहाऐंशी, मी अठ्ठ्याण्णव. बाकीचे शेहेचाळीस किलो बादल्या, पाणी, सुरक्षेचे पट्टे आणि ब्रशांचे.

"तोपर्यंत बादल्या अर्ध्याच भरा," त्या म्हणाल्या. "पाच आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी तीनला चाचणी. बादल्या काठोकाठ, सगळं सामान, तिघं आत. नाही वाजलं तर तिघं राहाल. वाजलं तर पाळण्यात दोघंच. आणि काका, मग तुम्हाला खाली तळघरात, गाड्या लावतात तिथे पुसायला जावं लागेल. नियम माझा नाही."

तळघराला मी भीत नव्हतो. फरशी पुसणं काचेपेक्षा सोपंच. पण विसाव्या मजल्यावर वारा सुटला की पाळणा काचेपासून हातभर लांब जातो. तेव्हा आम्ही तिघं एक अक्षर न बोलता एकाच बाजूला झुकतो, आणि पाळणा जागेवर येतो. कुणी कुणाला सांगत नाही. तळघरात मी कुणाबरोबर झुकणार होतो? निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तेवढं मला वरच काढायचं होतं.

घरी सांगितलं तर बायकोने आधी मनसोक्त हसून घेतलं.

"मी गेली वीस वर्षं सांगतेय तेव्हा ऐकलं नाहीत. आता पाळणा ओरडला तेव्हा ऐकू आलं!"

"तू ओरडत नव्हतीस."

"ओरडत नव्हते? शेजारी साक्षीला आहेत."

पण दुसऱ्या दिवसापासून ताटात उकडलेला भोपळा आला, काकडी आली, आणि माझ्याच ताटात नाही, तिच्याही आली. तिला काडीची गरज नव्हती. मी म्हटलं, तू का खातेस हे? तर म्हणाली, "तुमच्यासमोर बसून मी चांगलंचुंगलं खाल्लं तर तुम्ही माझ्या ताटाकडे बघाल. मला नाही आवडत कुणी ताटाकडे बघितलेलं."

भोपळा एक वेळ सहन होत होता. शुक्रवारचं मात्र कठीण होतं. सोळाव्या मजल्यावर एक कचेरी आहे. तिथली मंडळी दर शुक्रवारी दुपारी लांब टेबलाभोवती जमून पिझ्झा मागवतात, आणि आमचा सोळावा मजला नेमका शुक्रवारीच येतो. आत झाकण उघडलं की वाफ वर येते. कुणीतरी तुकडा उचलतो, चीज तारेसारखं ताणत जातं, तुटत नाही, तो मान मागे टाकून खालून तोंडात घेतो. हे सगळं माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. वास काही येत नाही, काच जाड आहे. पण वासाची गरज काय?

"थोरले, काच कोरडी झाली," मास्तर म्हणायचे. "आता तुम्ही नुसतीच पट्टी फिरवताय."

"डाग आहे."

"डाग आतून आहे. आणि तो डाग नाही, टोमॅटो आहे."

पाच आठवडे असे गेले. दर सोमवारी पंखा विचारायचा, "किती?" आणि मी सांगायचो. पहिल्या आठवड्यात दोन कमी झाले, ते खरं सांगितलं. पुढे आकडा रुसला. भोपळा तोच, बायको तीच, काटा हलेना. चौथ्या सोमवारी मी "सहा" म्हणालो. खरे चारच झाले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय बदलला. मला वाटलं, पचलं.

चाचणीचा शुक्रवार उजाडला. सकाळी घरचा वजनकाटा पिशवीत घालून कामावर नेला. वाटेत तीन किलो उतरतील अशी काहीतरी वेडी आशा. दुपारी बाराला सोळाव्या मजल्यावर पोचलो, तर आतल्या एका कुरळ्या केसांच्या बाईने काचेवर टकटक केलं. इतके महिने आमची नुसती मान हलवण्यापुरती ओळख. तिने पिझ्झ्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे, मग वर गच्चीकडे. मी घाईघाईने हाताचा पंजा दाखवला. नको, नको. ती हसली, मान डोलावली आणि फोन उचलला.

"पाच जण समजली ती," मास्तर म्हणाले.

"मी नको म्हटलं!"

"तुम्ही पाच म्हटलं. नको म्हणायला पंजा हलवावा लागतो."

साडेबाराला गच्चीवर दोन मोठे पिझ्झे आले, आणि वर थंड पेयाची दोन लिटरची बाटली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही खोकी मधे ठेवली आणि तिघं भोवती बसलो. पंख्याने झाकण उघडलं. वास आला. पाच आठवड्यांचा साचलेला वास एकदम आला असावा.

कुणीच हात घातला नाही.

"घ्या की," मी म्हटलं. "माझं सोडा. तुम्ही दोघं खा."

"माझा दात दुखतोय," मास्तर म्हणाले.

"मला पित्त झालंय," पंखा म्हणाला, आणि हात मांडीखाली दाबून बसला.

दात आणि पित्त एकाच दिवशी! मी दोघांकडे नीट बघितलं. मास्तरांच्या कमरपट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवीन भोकं होती. पंख्याचे गाल आत गेले होते. मनात म्हटलं, यांना काही आजारबिजार झालाय आणि मी आपला भोपळ्यात गुंग.

"हे बघा," मी म्हटलं, "आज मी तसाही बाद होणार आहे. सहा म्हणालो होतो ते खोटं. चारच झालेत. तीन किलो वर आहेत. तीनला पाळणा ओरडणार आणि मी तळघरात जाणार. निदान तुम्ही तरी उपाशी राहू नका."

पंख्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा पुसला.

"चार हे आम्हाला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "खरोखर सहा किलो कमी झालेला माणूस सहा म्हणत नाही. साडेसहा म्हणतो."

"मग?"

"मग काय! तुमच्यावर भरवसा नव्हता. तिसऱ्या आठवड्यापासून माझा डबा तळघरातला पहारेकरी खातोय. चांगला गुटगुटीत झालाय."

"आणि मी लिफ्ट सोडली," पंखा म्हणाला. "रोज बावीस मजले जिन्याने. एकदा अठराव्यावर बसलो तर एक साहेब विचारतात, कुणाला भेटायचंय? म्हटलं, माझ्या श्वासाला."

मी काकडीला दोष देत ती चघळत होतो तेव्हा हे दोघं माझ्या वाटणीचं उतरवत होते, आणि वर पित्ताचं नाव सांगत होते.

"नालायक आहात दोघं," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"ते राहू द्या. काटा काढा," मास्तर म्हणाले.

एकेक जण चढलो. माझे चार, मास्तरांचे तीन, पंख्याचे दोन. नऊ! हवे होते सात. आम्ही तिघांनी बोटांवर परत मोजलं. मग मास्तर खोक्यांसकट काट्यावर चढले, उतरले, बिनखोक्यांचे चढले.

"एक किलो नऊशे. खोक्यांचे दोनशे वजा. सतराशे ग्रॅम. दोन किलोंची मुभा आहे," ते निकाल दिल्यासारखं म्हणाले. "म्हणजे हे दोन्ही पिझ्झे आपल्याला कायद्याने खाता येतात. पण वर घोटभरसुद्धा काही प्यायचं नाही."

मग आम्ही खाल्लं. त्याचं वर्णन करत नाही; ज्याने पाच आठवडे भोपळा खाल्लाय त्याला ते कळेल, इतरांना सांगून उपयोग नाही. सोळा तुकडे होते. पाच-पाच वाट्याला आले, उरलेला एक पंख्याने "पित्तावर औषध" म्हणून घेतला. कुणी घाईत नव्हतं. मधेच मास्तर डोळे मिटून बसले आणि त्यांनी कुणाचंही काही दुरुस्त केलं नाही.

अडीच वाजता तहान लागली. खारट चीज, माथ्यावर ऊन, आणि मधोमध घाम सुटलेली ती थंड बाटली. मी तिच्याकडे पाठ केली. मग नळाकडे तोंड झालं, म्हणून परत वळलो. अर्ध्या तासात आम्ही तिघंही एकेकदा "जरा जाऊन येतो" म्हणून उठलो.

तीनला मॅडम आल्या. बादल्या काठोकाठ भरून घेतल्या, पट्टे तपासले.

"खिशात काही? उंचीवर सुटी वस्तू चालत नाही, माहीत आहे ना?"

"काही नाही मॅडम," आम्ही तिघं एका सुरात.

मास्तर चढले. पंखा चढला. मी देवाचं नाव न घेता बायकोचं घेतलं आणि दुसरा पाय आत ठेवला.

पाळणा किंचाळला. तीनशे पूर्णांक दोन.

"पाणी कोण प्यायलं?" मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले.

"खाई त्याला खवखवे," पंखा म्हणाला. "तुमचीच मिशी ओली आहे."

"एकच घोट घेतला."

"मीही एकच."

"मीही," मी म्हटलं.

मॅडमनी कागदावर पेन टेकवलं. त्यांचा चेहरा पडला होता, ते मी बघितलं. "दोनशे ग्रॅम, काका. वाईट वाटतं. पण मला लिहावं लागेल."

पोटात गेलेलं तर काढता येत नव्हतं. पण एक गोष्ट काढता येत होती. ती काढायची म्हणजे मॅडमच्या तोंडावर खोटं बोललो, तेही सुरक्षेच्या बाबतीत, हे कबूल करायचं. तळघराचा रस्ता त्यानेही उघडतो. मी शर्टाच्या आत हात घातला आणि कागदात गुंडाळलेला एक तुकडा काढला.

"बायकोसाठी ठेवला होता," मी म्हटलं. "पाच आठवडे माझ्याबरोबर भोपळा खातेय. मॅडम, खोटं बोललो. काय लिहायचं ते लिहा."

मॅडमनी तो हातात घेतला. तीनशे पूर्णांक एक. पाळणा ओरडतच होता.

शेजारी खसखस झाली. मास्तरांनी टोपी काढली. टोपीत पुडी.

"आमच्या हिच्यासाठी," ते म्हणाले. "डबा कुठे जातो ते तिला कळलंय. चार दिवस बोलत नाही."

तीनशे. तरी ओरडणं चालूच. यंत्राला आत कुठेतरी अजून थोडं जास्त दिसत असावं. आता आम्ही सगळे, मॅडमसकट, पंख्याकडे बघायला लागलो.

"माझ्याकडे काय बघता? मी अविवाहित माणूस!" त्याचे हात गरागरा फिरले. मग थांबले. मग पायमोज्यात गेले. "आईसाठी," तो म्हणाला. "तिने कधी खाल्ला नाही."

पाळणा गप्प झाला. दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.

"हलू नका," मॅडम कुजबुजल्या, जणू आवाजालाही वजन असावं. "एक मजला खाली जाऊन वर या. तेवढं झालं की मी सही करते. आणि खिशाचं," त्या थांबल्या, "खिशाचं आज मी विचारलंच नाही. पुन्हा असं केलंत तर तिघांना तळघरात पाठवीन."

आम्ही खाली गेलो. एकविसाव्यावर वारा आला. तिघं झुकलो, आणि पाळणा सरळ झाला. वर आलो. मॅडमनी सही केलेला कागद दाखवला. कागदावर सहीशेजारी अंगठ्याचा तेलकट ठसा होता.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "पुड्या तीन होत्या."

मॅडम लाल झाल्या. "तुम्ही खाली गेलात आणि मला धीर धरवेना. मीसुद्धा महिनाभर वजन कमी करतेय हो. कुणाची खाल्ली ते माहीत नाही."

"माझी होती," मी म्हटलं.

"छे, माझी. माझा कागद जाड होता," मास्तर म्हणाले.

"पायमोज्यातली वाटते खाल्ली त्यांनी," पंखा म्हणाला, आणि मॅडमचा चेहरा बघून आम्ही तिघं कठड्याला धरून हसलो.

शेवटी दोन तुकड्यांचे तीन वाटे केले. संध्याकाळी घरी पोचलो तो पुडी हिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की पाळण्यात तिघंही राहिलो. तिने माझा हात घट्ट दाबला. मग कागद उघडला, तो टोक नसलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"अहो, हा उष्टा आहे का? बाकीचा कुणी खाल्ला?"

"मॅडमनी."

"कुठल्या मॅडम?" तिने विचारलं.

मी आधी दोन तांबे पाणी प्यायलो, आणि मग पहिल्यापासून सांगायला बसलो.