सहाशे बेचाळीस टाचा

माझी ताई बुटांची कार्यशाळा चालवते. साधे बूट नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांचा घोटा अपघातानंतर वाकडा बसलाय, अशांचे. आखूड पायाच्या बुटाची टाच मोजून उंच करावी लागते; कोणाची सहा मिलिमीटर, कोणाची तीस. ही सगळी मापं ताईच्या कॉम्प्युटरवर एका डेटाबेस फाइलमध्ये होती. फाइल मीच बनवून दिली होती. घरात कोणी त्या फाइलचं कौतुक केलं नाही, तर मी स्वतः करायचो. मापांच्या जुन्या वह्याही माझ्याच सांगण्यावरून ताईने रद्दीत घातल्या. "रोज आपोआप कॉपी होते तुझ्या फाइलची, काळजी नको," असं मी तिला सांगितलं होतं. ती कॉपीची सोय मी करणार होतो. वर्ष झालं, करणारच होतो.

त्या मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. "अरे, हा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. गणिताच्या बाई येतायत बूट न्यायला. त्यांची टाच बारावरून अठरा केलीय, तेवढी नोंद करून दे ना."

मी गेलो. कॉम्प्युटरच्या पिनेच्या जागी साचेवाल्या काकांच्या घासायच्या मशीनची पिन खोचलेली होती. काका इथे बुटांसाठी लाकडाचे साचे कोरतात. ताई हे काम त्यांच्याच हाताखाली शिकली. मी पिन बदलली आणि कॉम्प्युटर चालू केला. पण नोंदीचा फॉर्म काही उघडेना.

"फॉर्म हवाय कशाला?" मी म्हणालो. "फाइलला थेट हुकूम देतो. एका ओळीचं काम."

पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. काका चष्मा वर करून मागे येऊन उभे राहिले. "बघू तरी तुझी जादू," ते म्हणाले. मग काय, मला चेवच चढला. या हुकुमाचे दोन भाग असतात: काय बदलायचं आणि कोणाचं बदलायचं. मी पहिला भाग लिहिला, टाच बरोबर अठरा. मान वळवून काकांना समजावत होतो की माऊस फक्त नवशिक्यांना लागतो, आणि बोलता बोलता एंटर दाबलं.

'कोणाचं' लिहायचं राहिलं होतं.

पडद्यावर एक ओळ आली: ६४२ नोंदी बदलल्या.

 यादी काढून पाहिली. अठरा, अठरा, अठरा. जिथवर खाली जावं तिथवर अठरा. मी खिडकी बंद केली. "झालं," म्हणालो. का म्हणालो, आजही सांगता येणार नाही.

गणिताच्या बाई बूट घेऊन गेल्या. त्यांचं माप अर्थातच बरोबर होतं. तासाभरात ताईने दुसरी नोंद काढली, फॉर्म आता उघडत होता, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "यांची तर सहा होती. आणि हे... अरे, सगळ्यांची अठरा कशी?"

"फाइल खराब झालेली दिसतेय," मी म्हणालो.

"मग रोजची कॉपी असेल ना?"

"तीही तशीच झाली असणार. कॉम्प्युटर नीट बंद न करता कोणी वायर ओढली की होतं असं."

कोणी. पिन कोणाच्या मशीनची होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

काकांच्या हातातली कानस थांबली. "काल संध्याकाळी मीच काढली," ते हळूच म्हणाले. "बंद आहे असं वाटलं मला. ताई, माझ्याच हातून झालं हे."

"जाऊ द्या काका," ताई म्हणाली. मी की-बोर्ड पुढे ओढला.

दुसऱ्या दिवसापासून ग्राहकांना फोन करून बोलावणं सुरू झालं. काका जमिनीवर बसायचे, पायाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या एकेक करून सरकवायचे, कंबर सरळ झाली की आकडा सांगायचे. मी तो टाइप करायचो. आठ दिवस असं चाललं. काका येणाऱ्या प्रत्येकाची माफी मागायचे.

नवव्या दिवशी एक पोस्टमन आले, गडी हसतमुख. "काय काका, सहाशे जणांना एका मापात बसवलंत म्हणे!"

"हो, चुकलं खरं," काका हसून म्हणाले. त्यांची मान मात्र खालीच होती. त्यांच्या टकलावर लाकडाचा भुसा बसला होता, तो मला दिसत होता. माझे कान तापले. "एकवीस," काका म्हणाले. मी एकवीस टाइप केलं.

पोस्टमन गेल्यावर ताई चामडं आणायला बाहेर पडली. काकांनी पट्ट्या गोळा केल्या. "पुढच्या महिन्यापासून मी येत नाही रे. ताईला अजून बोललो नाही. तू जरा नीट सांगशील का तिला?"

तेव्हा मी सांगितलं. अर्धवट हुकूम, कॉपी, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून की-बोर्डकडे बघत बोललो.

काकांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. "म्हणजे वायरीने काही झालं नव्हतं?"

"नाही."

"घरी बायकोला म्हटलं मी, आता माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही." ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ खूप वेळ वाहत होता.

ताईला मी ती आल्या आल्या सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चामड्याची गुंडाळी तिने भिंतीला टेकवली. "फाइल कोणाकडूनही बिघडते. कॉपी केली नाहीस, तेही एक वेळ सोडून देईन. पण ते खाली बसून माफी मागत होते, आणि तू शेजारी बसून आकडे लिहीत होतास? कसं जमलं रे तुला?" मग तिने ग्राहकांची यादी माझ्यापुढे ठेवली. "जितके येऊन गेलेत तितक्यांना फोन कर. चूक कोणाची, ते तुझ्या तोंडाने सांग."

एकाहत्तर फोन केले. बहुतेकांनी "बरं बरं" म्हणून ठेवले. पोस्टमन मात्र हसले नाहीत. "काकांना मी उगाच बोललो हो," एवढंच म्हणाले. गणिताच्या बाई त्या मंगळवारी येऊन गेल्या होत्या, म्हणून त्यांनाही फोन केला. त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस का थांबलात?" आणि फोन न ठेवता वाट बघत राहिल्या.

काकांनी काम सोडलं नाही. सोमवारी वेळेवर आले, डबा खिडकीत ठेवला, जमिनीवर बसले. मी यादी उघडून तयार होतो. पहिल्या ग्राहकाच्या पायाखाली त्यांनी पट्ट्या सरकवल्या, एक काढली, परत घातली.

"जरा बाजूला सरकता का?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमची सावली पडतेय."

"काका, मला अहो-जाहो कशाला?"

त्यांनी पट्टीवरचा भुसा फुंकला. "बावीस," ते म्हणाले. "लिहा तुम्ही."