बाटलीतली सुई

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता: पेरॉक्साइडच्या बाटलीतली स्टीलची सुई बाहेर काढायची नाही. सारखं बूच उघडलं की पेरॉक्साइड बिघडतं, असं सर म्हणायचे. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांचा शब्द इथे काळ्या दगडावरची रेघ. सहा वर्षं मी त्या सुईतून पेरॉक्साइड ओढलं, गंधकाच्या संयुगांत सोडलं आणि ती किती वेगाने ऑक्सिजन घेतात ते मोजलं. माझा अख्खा प्रबंध त्या वेगांवर उभा होता. सोमवारी तो द्यायचा होता.

गुरुवारी एक शेवटचा आकडा तपासायला बसले आणि सुई मोडली. म्हटलं, मरो, काचेच्या पिपेटने घेऊ. नवी बाटली उघडली. संयुग संपत जाईल तशी यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली यायला हवी होती, ती आडवीच राहिली. यंत्राला शिव्या घातल्या, त्याचा दिवा बदलला, द्रावण पुन्हा केलं. पाच तास झाले तरी संयुग ढिम्म हललं नाही. शेवटी चिडून मोडक्या सुईचा तुकडा त्या नव्या बाटलीत टाकला आणि घरी गेले.

शुक्रवारी तेच पेरॉक्साइड वापरलं. रेघ झक्क उतरली, अगदी प्रबंधातल्यासारखी.

इतकी वर्षं मी गंधकाचा वेग मोजतच नव्हते. सुईतून विरघळलेलं लोखंड सगळं काम करत होतं आणि मी आपली त्याची समीकरणं मांडत होते!

तेवढ्यात ताईचा फोन. "झालं का गं बाइंडिंग? मी सोमवारची रजा टाकलीय हं."

"होतंय," म्हटलं.

सरांकडे गेले, सुईचं सांगितलं. त्यांनी खेकसावं, 'गाढवा, द्रावण चुकलंय तुझं' म्हणावं, एवढीच आशा होती. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"कितीदा केलंस?"

"चारदा, सर."

"सहा वर्षं झाली ना तुला?"

"हो."

"मला एकतीस," ते म्हणाले. "सुईचा नियम माझाच."

त्यांनी उठून दार लावलं. मग हळूच विचारलं, "आणखी कुणाला दाखवलंस?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी आडव्या रेघेचा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. "सोमवारी नऊला प्रबंध घेऊन ये. वेळेवर."

"बरं, सर," मी म्हटलं. लाज वाटली ती नंतर. आधी हायसं वाटलं.