पाण्याचा वास

वसतिगृहामागच्या सांडपाण्याच्या टाकीवर एकवीस वर्षं काढलेल्या पंपवाल्याचं नाक एका मोठ्या तापानंतर कायमचं गेलं. वास म्हणून कळेना. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं. कामावर चकार शब्द काढला नाही.

मग एक तरुण इंजिनीअरबाई आली. तिने टाकीपुढे खडीचा लांबलचक वाफा करून घेतला, त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलं आणि टाकीतलं पाणी त्यातून सोडलं. मुळं खडीत हवा पोचवतात, मुळांवर वाढणारे जंतू घाण खातात, असं तिने त्याला समजावलं. जाताना एक वही दिली. वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग आणि वास दर सोमवारी लिहायचा.

रंगाचं ठीक होतं. वासापाशी घोडं अडलं. त्याने बाटली भरून घरी नेली.

बायकोने हुंगून तोंड फिरवलं. "सडका कोबी."

त्याने तसंच लिहिलं. पुढे दर सोमवारी बाटली घरी यायची. नाक मुरडायचं काम तिचं, लिहायचं त्याचं.

पाचव्या आठवड्यात कर्दळ पिवळी पडली. त्याने इंजिनीअरबाईला फोन लावला. तिने वाफ्यातली पाण्याची पातळी वीतभर उतरवायला सांगितली, म्हणजे पाण्यामागोमाग मुळंही खोल जातील. महिन्याभरात नवे कोंब वर आले.

एका सोमवारी बायको म्हणाली, बाटलीत काय कळतं, मीच येते. त्याने तिला तिथे कधी येऊ दिलं नव्हतं, लाज वाटायची. त्या दिवशी त्याला नाही म्हणवेना.

पानं तिच्या खांद्याला लागत होती. पाइपाच्या तोंडाशी उकिडवं बसून तिने मग्यात पाणी धरलं आणि डोळे मिटून हुंगत राहिली.

"सांग ना," तो म्हणाला.

"थांबा हो. नीट सांगते." तिने पुन्हा हुंगलं. "बटाट्याला ओली माती लागलेली असते ना, तसा. घाण नाही. अजिबात नाही."

त्याने मगा आपल्या नाकाशी नेला. काहीच कळलं नाही, पण डोळे भरून आले. तिने पाहिलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या फेरीला वही वाचून इंजिनीअरबाईला हसू आवरेना. वासाचं इतकं छान कोण लिहितं, तिने विचारलं. त्याने खाली मान घालून खरं ते सांगितलं. नोकरी गेली, असं त्याने धरूनच चाललं होतं. तिने एवढंच विचारलं, की काकू दर सोमवारी येतील का.

आता दोघं नवराबायको मिळून येतात. काम उरकलं तरी ती लगेच निघत नाही.