दोन स्टेशनांमधलं रान

“बाबा, तुम्हाला आई अजून आवडते का?”

प्रश्न तोंडातून निघाला आणि पोरीच्या लक्षात आलं, की विचारायची जागा चुकली. बाबा त्या घडीला कातळाला पालीसारखे चिकटले होते. दोन्ही हातांत गंजकी साखळी, एक पाय खाचेत आणि दुसरा हवेत काहीतरी शोधत होता.

“आत्ता?” बाबा कातळालाच म्हणाले.

“आत्ताच. जमिनीवर असलात की तुम्ही विषय बदलता.”

“मी खाली पडलो तर विषय आपोआप बदलेल. पाय कुठे ठेवू ते सांग आधी.”

तिने सांगितलं. डावीकडे, जरा वर, नाही, इतकं नाही. बाबांचा पाय एकदाचा टेकला.

खरं तर हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. शाळेच्या जिन्यात बसून लंबू आणि चष्मिश या दोघी मैत्रिणींनी तो घडवला होता. “मोठी भोंगा म्हणवतेस ना स्वतःला? मग हे विचारून दाखव,” लंबू म्हणाली होती. चष्मिशने, जिचा चष्मा बाबांनीच बनवला होता, जरा कच खाल्ली होती. “माझी काच जाड घालतील गं रागाने.” पण भोंगा मागे हटणाऱ्यातली राहिली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जायचा नाही. मग स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापाने फणफणली, बाईंनी समोर दिसली तिला माईकपुढे ढकललं, आणि ती जी बोलायला लागली ती काही थांबेना. तेव्हापासून तिला वाटायचं, जगात न सुटणारं असं काही नसतंच. लोक नीट, मोठ्याने विचारत नाहीत, एवढंच.

आजचा बेतही तिचाच.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि वर्षभरापासून त्याच दुकानाच्या माळ्यावरच्या खोलीत राहतात. खोलीत पलंग, टेबल आणि खिडकीत वाळत घातलेला एक शर्ट, कायम एकच. आई परिचारिका. ती पुढच्या स्टेशनजवळच्या जुन्या घरात राहते, आणि पोरगी तिच्याकडे. शनिवार-रविवार बाबांकडे. दोन स्टेशनांच्या मधे एक बोगदा आहे. गाडी आत शिरते आणि हातातलं बिस्किट संपायच्या आत बाहेर पडते. पण त्या बोगद्याच्या डोक्यावर आख्खा डोंगर बसलाय, आणि डोंगरावर रान. ते पायी पार करायला दिवस जातो. लग्नाआधी हे दोघं सुट्टीच्या दिवशी आपापल्या स्टेशनवरून निघायचे आणि मधल्या ओढ्यातल्या सपाट खडकावर भेटायचे. प्रेम म्हणतात ते तिथेच झालं.

आता आईला दुसऱ्या शहरात मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळाली होती. महिनाअखेरीस ती जाणार. पोरीने कुणाकडे राहायचं ते पोरीनेच सांगायचं होतं. “तुझा निर्णय, पिल्लू. आमचं काही म्हणणं नाही,” असं दोघंही वेगवेगळ्या घरांतून अगदी सारख्या गोड आवाजात म्हणाले होते. ती सांगत नव्हती. आपण निवडलंच नाही तर काही तुटलंच नाही, असा तिचा हिशोब होता. शेवटी ती म्हणाली, “रानात या दोघं, पूर्वीसारखे, दोन टोकांकडून. मी बाबांबरोबर येते. खडकावर सांगेन.” दोघंही कबूल झाले. उरलेलं काम रान करेल, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

आणि सुरुवात तर कसली झकास झाली होती. बाबांच्या बाजूने पाण्याच्या टाकीपाशी वाट फुटते. खालची ओढ्याकाठाने जाते, लांब पण सपाट. वरची कातळावरून, साखळी धरून. बाबांना उंचावर चक्कर येते. शिडीवर चढून दिवा बदलायचा तर आईच चढायची. जन्मभर ते खालच्या वाटेनेच गेले होते, आणि “एकदा तरी वरून ये की रे, मला बघू दे” हे आईचं पालुपद होतं. आज टाकीपाशी बाबा क्षणभर थांबले आणि वर वळले. पोरीने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

कातळाच्या माथ्यावर बाबा मटकन बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. दुकानात कुणी असं केलं तर ते त्याला दहा मिनिटं झापतात.

“आवडते,” ते म्हणाले. “पण त्याचा आता उपयोग नाही. मीही तिला नावडतो असं नाही. आम्हाला एका छपराखाली राहता येत नाही, एवढंच.”

पोरीने पहिला शब्द तेवढा उचलला आणि बाकीचे तिथेच सोडून दिले.

पुढे वाट अशी उरलीच नव्हती. दरड कोसळून तिचा लचका तुटला होता आणि उरलेल्यावर काटेरी जाळी माजली होती. दोघं ढोपरांवर रांगत निघाले. तिची बाही टर्रकन फाटली, बाबांच्या कानाला ओरखडा आला. “सौंदर्यस्पर्धेतून बाद झालात,” ती म्हणाली. बाबा हसलेही. एका ठिकाणी मुळं धरून घसरत उतरावं लागलं, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आणि ती “आणखी एक पाय, शाबास” असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती. ओढ्याशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

खडकावर कुणी नव्हतं.

खडकाच्या फटीत उकडलेल्या अंड्याची टरफलं नीट गोळा करून ठेवलेली होती. आई कचरासुद्धा घडी घातल्यासारखा ठेवते. आणि कडेच्या ओल्या वाळूत तिच्या बुटांचे ठसे होते. ते खालच्या वाटेने बाबांच्या स्टेशनकडे गेले होते.

“आई येऊन गेली,” पोरगी म्हणाली. “आपल्याला उशीर झाला म्हणून ती समोरून गाठायला निघाली. खालून. तुम्ही वरून याल असं तिच्या स्वप्नात तरी येईल का? चला, पळालो तर सापडेल.”

“नको. इथेच थांबायचं. आधी पोचेल त्याने थांबायचं, असं आमचं होतं.”

“हे आईला माहीत आहे?”

बाबांनी विचार केला. “तेव्हा मीच आधी यायचो. नेहमी. ती आधी आली तर काय, हे ठरवायची वेळच आली नाही.”

ते खडकावर बसले. फोनला रेंज नव्हती. पोरीने संत्रं सोललं, निम्मं त्यांना दिलं. ते हातात धरून बाबा बसून राहिले. सावली ओढा ओलांडून आली, खडकावर चढली. “बाबा, चला.” “अजून थोडं.” पाखरं गप्प झाली. “बाबा, ती परत फिरणार असती तर एव्हाना आली असती.” “अजून थोडं बघू.” त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, रागही नव्हता. तसं असतं तर तिने वाद घातला असता, त्यात ती आता पटाईत होती. ते नुसते बसले होते, जणू कुणी त्यांना तिथे ठेवून विसरून गेलं होतं. तिला प्रथमच भीती वाटली. अंधाराची नव्हे. आपण इथे नसतो तर हा माणूस उठलाच नसता, याची. तिने त्यांचा हात धरून ओढलं. हात गार पडला होता. संत्र्याच्या फोडी खाली पडल्या.

खालची वाट अंधारात फार लांब पडली असती, म्हणून दोघं आईच्या स्टेशनकडे निघाले. तिकडचा चढ निसरड्या मातीचा. माथ्यावर दिवे दिसायला लागले आणि बाबांचा फोन खणखणला. तिने तो घेऊन स्पीकरवर टाकला. आता भडका उडणार, आणि उडू दे, असं तिला मनापासून वाटलं. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून घरात दोन-दोन दिवस धुमसलेलं तिने पाहिलं होतं. ज्यांना एकमेकांचं काही वाटतं तेच असं धुमसतात.

“लागलं-बिगलं नाही ना कुणाला?” आईचा आवाज. “मी तुझ्या स्टेशनवर आहे. खालून आले.”

“मी वरून आलो,” बाबा म्हणाले.

पोरीने फोनचा आवाज आणखी वाढवला.

“बरं,” आई म्हणाली. “माझंच चुकलं. थांबायला हवं होतं मी.”

“छे, छे. माझंच. आधी कळवायला हवं होतं.”

“असू दे. मी पुढच्या गाडीने येते.”

“सावकाश ये.”

“हो. थँक्यू.”

फोन बंद झाला. बाबांनी तो खिशात ठेवला, आणि त्यांचे खांदे सैल पडलेले तिला दिसले. चष्मा बदलून मागायला आलेलं गिऱ्हाईक न भांडता गेलं की ते असेच दिसतात. तिला एकदम रानातले सगळे काटे जाणवायला लागले. मानेत, तळव्यांत, ढोपरांवर. सकाळपासून ते कुठे होते कोण जाणे.

आईच्या स्टेशनवर दोघं वाट बघत उभे होते. आई गाडीतून लंगडत उतरली. टाच सोलली होती. तिने वाटभर काय झालं ते विचारलं नाही, बाबांनीही सांगितलं नाही. बाबांनी फलाटावरच्या यंत्रातून कागदी कपांत तीन चहा आणले. “साखर चालते ना तुला अजून?” त्यांनी विचारलं. “चालते,” आई म्हणाली. बाकावर दोघंही टोकाला सरकले, मधे पोरीसाठी ऐसपैस जागा ठेवून. ती बसली. आई तिच्या केसांतली कुसळं एकेक करून काढायला लागली. बाबा समोरच्या वेळापत्रकाकडे बघत होते. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“खडकावर सांगणार होतीस,” आई हळूच म्हणाली. तिच्या बोटांची गती कमी झाली. “घाई नाही. उद्या सांगितलंस तरी चालेल.”

पोरीने कप खाली ठेवला. जिन्यात बसून हजार वेळा घोकलेलं ते लांबलचक भाषण तिच्याकडे तयार होतं. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता.

“मी बाबांकडे राहणार,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. “आई, तू ठरल्या दिवशी जा. मी तुला सोडायला येईन. आणि यापुढे तुम्हाला दोघांना मी एका जागी बोलावणार नाही.”