हार घातलेला फोटो

धुळ्यातल्या एका खासगी कृषी कॉलेजने फेसबुकवर प्राचार्यांच्या सत्काराचा फोटो टाकला. गळ्यात भलामोठा हार. यावलच्या ललितची प्रवेशाची मुलाखत जवळ आली होती. सरांच्या नजरेत भरावं म्हणून त्याने मजकूर न वाचताच पहिली कमेंट टाकली, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग त्याचं बघून बाकीच्यांनीही वाहिली. प्राचार्यांचे व्याही एरंडोलहून रडत आले. दार प्राचार्यांनीच उघडलं.

मुलाखतीत ते म्हणाले, "पहिली तुमचीच ना, भाऊ?"

"चुकलो, सर."

"मार्क चांगले आहेत तुमचे. पण आमच्या सासूबाई मला बघून अजून दचकतात. जागा दुसऱ्याला दिली."

बाहेर वडील, गिरधरआबा, वाट बघत होते. "काय झालं रे?"

"सर ठणठणीत आहेत, आबा," ललित म्हणाला आणि रडायला लागला.