पहिल्या तेलातला घास

"तुझ्या आईला सांग, मी येणार नाही. शिडी ज्यानं दिली त्यालाच न्या म्हणावं."

ज्या आईला हे सांगायचं, ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहून थर्मासमध्ये चहा भरत होती. आठ वर्षांच्या सिद्रानं आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि निरोप शब्दशः पोचवला. इब्तिहालनंही उत्तर तिच्याच हाती धाडलं, "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय."

मुवफ्फकच्या अबोल्याचा आज चौथा दिवस होता. गुन्हा एवढाच, की त्याला न विचारता तिनं आपल्या भावाकडून शिडी आणली. तो हात उगारत नव्हता, पगार घरातच देत होता. त्यामुळे माहेरी तक्रार केली की तिची आई विचारायची, "अगं, मग त्रास काय आहे तुला?" नऊ वर्षांत इब्तिहालला ते कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. आरोग्य केंद्रात ती बाळांना लस टोचायची. कसंही रडणारं पोर तिच्या हातात गप्प व्हायचं. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं आपल्यापुरते काही नियम करून घेतले होते. शुक्रवारी बाहेर जायचं ठरलं तरी ते आधी बोलायचं नाही, नाहीतर गुरुवारीच काहीतरी बिनसतं. आणि परत आल्यावर "मजा आली" असं मुलांनी बापासमोर म्हणायचं नाही. मजा आली म्हटलं, की आपल्यावाचून आली म्हणून आणखी आठवडाभर तोंड फुगलेलं.

अजलूनच्या डोंगरात त्या शुक्रवारी ऑलिव्हच्या तोडणीला झाडाझाडाखाली माणसं होती. शेजारच्या बागेत तीन पिढ्या चादरी अंथरून बसल्या होत्या, कुणी गात होतं, कुणी कुणाला शिव्या घालत होतं. इब्तिहालच्या अकरा झाडांखाली ती आणि दोन मुलं. तिला फार एकटं वाटलं. शिडीवर चढून तोंड पानांत घातलं की निदान ते कुणाला दिसत नव्हतं.

"यम्मा, घैस ऑलिव्ह खातोय!"

"खाऊ दे. कडू लागलं की थुंकेल."

चार वर्षांचा घैस थुंकला, आणि तो चेहरा बघून सिद्रा चादरीवर लोळून हसली. काठीनं झोडायचं नाही, फळाला मार बसतो, म्हणून तिघांनी हातानंच तोडलं. दुपारी तीन दगडांवर टोमॅटो परतले आणि तव्यातूनच खाल्ले. मुलं इतकी मोठ्यानं हसत होती, की इब्तिहालला अधूनमधून रस्त्याकडे बघावंसं वाटत होतं. घर चार किलोमीटरवर होतं, तरीही.

तिसऱ्या प्रहरी पाच पोती गाडीत घालून ती मुलांसह तेलाच्या घाण्यावर पोचली. घाणेवाला अबू नायफ पोती उतरवताना म्हणाला, "काय उम्म घैस, यंदाही एकटीच? अबू घैस कुठाय? गेल्या साली त्याचा गुडघा होता ना?" गावात तिला आणि मुवफ्फकला मुलाच्या नावानंच हाक मारत, घैसची आई, घैसचा बाप.

इब्तिहालनं तोंड उघडलं, पण उत्तर तिच्या शेजारून आलं.

"बाबांची पाठ धरलीय, काका. डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय. यायचं फार मनात होतं त्यांच्या." आणि सिद्रानं एक बारीक उसासा टाकला.

तो उसासा इब्तिहालचा होता. शब्द तिचे होते, मान कलती करणंही तिचंच. मुलीला हे कधी शिकवलं ते तिला आठवेना, पण पोरगी अगदी तयार झाली होती.

तेल यायला तासभर लागला. घाण्याच्या शेगडीवर सगळ्यांसाठी रोट्या भाजत होत्या. नव्या तेलात बुडवलेली पहिली रोटी घरच्या कर्त्याची. ती फडक्यात बांधून घरी न्यायची. इब्तिहाल दरवर्षी न्यायची. मुवफ्फक दरवर्षी ती ताटात तशीच ठेवायचा, आणि सकाळी ती कोंबड्यांपुढे जायची.

हिरवं, गढूळ तेल डब्यात पडू लागलं. अबू नायफनं रोटी बुडवून फडक्यासह तिच्यापुढे केली. "ही अबू घैसला. म्हणावं, पाठीलाही चोळ थोडं."

"त्याची पाठ धरली नाहीये," इब्तिहाल म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "रुसून बसलाय. चार दिवस झाले. दरवर्षी असंच असतं."

अबू नायफनं डब्याकडे बघितलं. "डबा सरळ धर, पोरी. सांडेल," एवढंच तो म्हणाला, आणि जाऊन आणखी दोन रोट्या घेऊन आला.

सिद्रा घाबरून आईकडे बघत होती. इब्तिहालनं ती पहिली रोटी तिच्या हातात ठेवली. "खा. यंदा ही तुझी."

"पण बाबा..."

"खा, राणी."

सिद्रानं खाल्ली. तेल कोपरापर्यंत ओघळलं. घैसलाही तिनं दोन घास भरवले. क्षणभर इब्तिहालला वाटलं, झालं, सुटलो आपण.

मग उरलेली अर्धी रोटी सिद्रानं फडक्यात ठेवली, चारी टोकं नीट दुमडली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "यम्मा, बाबांनी विचारलं तर सांगू, आम्ही चाखलंसुद्धा नाही. तुमच्यासाठी थांबलो."

आणि बाहीचं टोक ओढून तिनं घैसचे तेलानं चमकणारे ओठ पुसले. आधी एक कोपरा, मग दुसरा.