शह आहे अजून

रुपरावकाकांनी फुकटात मिळालेला घोडा पटाबाहेर ठेवला आणि खदखदून हसले.

"काहून वं उत्तरा, येडं झालं का तुझं मशीन? वजीर मरून राहिला, अन् हे उगाच शह देऊन राहिलं. काल प्यादं घातलं, आज घोडा!"

मशीन म्हणजे शाळेत यंदाच आलेला कॉम्प्युटर. उत्तरानं स्वतः, अगदी एकटीनं, त्याला बुद्धिबळ शिकवलं होतं. एका चालीला त्याला अख्खी मधली सुट्टी लागे. ती चाल डोक्यात धरून ती संध्याकाळी काकांच्या ओसरीवर येई आणि काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी मशीनला सांगे. दिवसाला एक चाल.

"येडं नाही, काका. त्याले चारच चाली पुढचं दिसते. शह दिला की तुम्हाले आधी तोच निस्तरा लागते. तेवढ्यात वजिराचं मरण पुढं ढकललं जाते, त्याच्या नजरेच्या पलीकडे. मंग त्याले वाटते, वाचला वजीर!"

"अन् खरं तर?"

"वाचत नाही. वरून घोडाही जाते." उत्तराचे डोळे चमकले. "उद्या दुरुस्तच करते. शह अन् त्याचं उत्तर चालीत मोजायचंच नाही. त्याच्याही पुढं चार चाली पाहाच्या."

काका पटाकडे पाहत राहिले. "म्हणजे डाव संपलाच म्हण."

काकू गेल्यापासून काका एकटेच होते. मुलगा रविंद्र त्यांना न्यायला भिवापूरहून दोनदा येऊन गेला होता. 'हातातला डाव संपला का येतो,' असं काकांनीच त्याला सांगितलं होतं. आणि हुडकेश्वरच्या त्या गल्लीत पट मांडणारं दुसरं कुणीच नव्हतं. वर्गातल्या मुलींना तर बुद्धिबळ म्हटलं की जांभई यायची.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच तिनं दुरुस्ती केली. मधल्या सुट्टीत मशीननं शह दिला नाही. गुमान वजीर सोडला आणि राजा कोपऱ्याकडे नेला. उत्तरा खुर्चीवरून उडालीच. जमलं! तिनं मागं वळून पाहिलं. खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या. हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता. आता दोन चालींत काका मशीनवर मात करणार होते, तेही त्यांना लगेच दिसलं असतं.

संध्याकाळी ती सायकलवर बसलीच नाही, हळूहळू ढकलत आली.

ओसरीत रविंद्र बसला होता, पायाशी पिशवी. काका पट मांडून तयार होते.

"सांग वं, काय म्हणते मशीन?"

उत्तराचा हात राजाकडे गेला, थांबला. मग तिनं उंट उचलला आणि काकांच्या राजाला खेटून ठेवला.

"शह," ती म्हणाली.

उंटाच्या पाठीशी कुणीच नव्हतं. नवशिक्यानंही तो राजानं टिपला असता.

"दुरुस्त करणार होती ना तू?"

उत्तरानं उंट उगाच घराच्या मधोमध सरकवला.

"झाला का डाव, बाबा?" रविंद्रनं विचारलं.

काकांनी राजा उचलला. उंटावर क्षणभर धरला. मग बाजूच्या घरात अलगद ठेवला. उंट होता तिथंच राहिला.

"नाही गा," ते म्हणाले. "शह आहे अजून."